आईला सांगा, फिडिपिडीस परत आला होता

प्रश्न थोडक्यात असा आहे: "येत्या हंगामात पहिली फुल मॅरेथॉन पळणार आहे. आई म्हणते, जो पहिली मॅरेथॉन पळाला तो पोचल्या पोचल्या मेला, मग तू कशाला त्या फंदात पडतोस? ही ग्रीक गोष्ट खरी आहे का? प्राचीन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत होती का? आणि ४२.१९५ हा आकडा तेव्हापासूनचा आहे का?"

तुमच्या आईंची शंका मला नवी नाही. एकवीस वर्षं मी पुण्यात लोकांना पळायला शिकवते आहे आणि दर बॅचमध्ये कोणाची तरी आई, नाही तर सासू, हे वाक्य ऐकवतेच. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. वर शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून तीच गोष्ट रंगवून सांगायचे: मॅरेथॉनच्या लढाईतून विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत पळत आलेला, घामाघूम झालेला सैनिक फिडिपिडीस, "आपण जिंकलो" ही आरोळी, आणि मग कोसळणं. बॅचमध्ये एक निवृत्त इतिहास शिक्षक होते. त्यांनी एका रविवारी लाँग रन झाल्यावर हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचा जाडजूड ठोकळा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आधी हे वाचा, मग सांगा पोरांना गोष्टी." वाचलं, आणि तेव्हापासून मी ती गोष्ट तशी सांगणं बंद केलं.

आधी सरळ उत्तरं देते. फिडिपिडीस नावाचा माणूस होता असं मानायला चांगला आधार आहे. तो पळाला, पण मॅरेथॉनहून अथेन्सला नव्हे. तो अथेन्सहून स्पार्टाला गेला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. पोचून मेला नाही. प्राचीन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन कधीच नव्हती. आणि ४२.१९५ हा आकडा १९०८ सालच्या लंडनचा आहे.

आता तपशील.

इ.स.पू. ४९० ची गोष्ट. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांनी पर्शियन सत्तेविरुद्ध बंड केलं होतं, तेव्हा अथेन्सने २० जहाजं मदतीला पाठवली होती. त्या धामधुमीत पर्शियनांचं सार्डिस हे प्रांतिक राजधानीचं शहर जळालं. सम्राट दारयस पहिला याने ते विसरायचं नाही असं ठरवलं, आणि बंड मोडून झाल्यावर डेटिस आणि आर्टाफर्निस या दोन सेनापतींच्या हाताखाली आरमार पाठवलं. सोबत वाटाड्या म्हणून कोण, तर अथेन्समधून हाकललेला जुना हुकूमशहा हिप्पियास. आरमाराने वाटेत एरेट्रिया शहर उद्ध्वस्त केलं आणि मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर नांगर टाकला. हे मैदान अथेन्सच्या ईशान्येला, समुद्राला लागून आहे. नावाचा अर्थ लावायचा तर ग्रीकमध्ये 'मॅरेथॉन' म्हणजे बडीशेप. तिथे ती रानोमाळ उगवायची म्हणून ते नाव पडलं. जेवल्यावर आपण जी चिमूटभर तोंडात टाकतो, तिच्या नावाने जगभर लोक चार-चार तास घाम गाळतात, हे मला अजून गंमतीचं वाटतं.

अथेन्सकडे नऊ-दहा हजार माणसं होती, प्लाटेआ या छोट्या मित्रगावाने आणखी हजारभर पाठवली. हे पुरेसं वाटत नव्हतं. ग्रीसमध्ये जमिनीवरच्या लढाईत सगळे ज्यांना वचकून असत ते स्पार्टावाले. त्यांना बोलवायचं ठरलं आणि फिडिपिडीसला निरोप घेऊन पाठवलं.

त्याच्या नावापुढे हिरोडोटसने व्यवसाय दिला आहे: हेमेरोड्रोमॉस, म्हणजे दिवसभर पळणारा. आपल्याकडे ज्यांना जासूद, काशीद किंवा हरकारा म्हणत, तेच हे लोक. हा त्यांचा पेशा होता. हौस म्हणून, मेडलसाठी किंवा फोटोसाठी कोणी पळत नव्हतं. घोडा का नाही, असं मला नेहमी विचारतात. ग्रीसचा आतला भाग म्हणजे दगडगोटे आणि खिंडी. नालाशिवायच्या घोड्याला तिथे रात्रंदिवस दामटणं अवघड, माणूस मात्र पायवाटेने डोंगर चढून पलीकडे उतरतो. पर्शियनांकडे उलट होतं. सार्डिसपासून सुसा या राजधानीपर्यंत राजरस्ता, टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे आणि ताजे स्वार. म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या घोडेस्वार टपालयंत्रणेशी ज्यांची लढाई होती, त्यांच्याकडे निरोप न्यायला एक माणूस आणि त्याचे दोन पाय.

त्याच्या नावाचाही एक घोळ आहे. काही हस्तलिखितांत ते फिलिप्पिडीस आहे, म्हणजे घोड्यांवर प्रेम करणाऱ्याचा वंशज. फिडिपिडीस या रूपात 'घोडे वाचवणारा' असा अर्थ निघतो. पायी पळणाऱ्या जासुदाला हे नाव इतकं चपखल बसतं की मला थोडी शंकाच येते. ॲरिस्टोफेनिसच्या 'ढग' या विनोदी नाटकातल्या उधळ्या पोराचं नाव नेमकं हेच आहे. आईला नावात घोडा हवा असतो, बापाला काटकसर हवी असते, म्हणून दोन्ही जोडून केलेलं. नाटकातलं नाव लेखनिकांच्या हातून इतिहासात शिरलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. मी सवयीने फिडिपिडीसच म्हणते.

हिरोडोटस सांगतो की तो निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्पार्टात पोचला. एवढंच एक वाक्य. न थांबता, न लंगडता, कसलंही कौतुक न करता लेखक पुढे जातो, आणि एखादी व्यक्ती दीड दिवसात २४० किलोमीटर जाऊ शकते का, यावर पुढे लोक वाद घालत बसले. १९८२ साली ब्रिटिश हवाई दलातले जॉन फोडेन आणि त्यांचे चार सहकारी यांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा पळून बघू. पाचपैकी तिघे ४० तासांच्या आत स्पार्टाला पोचले. तिघांचीही नावं जॉन, हा योगायोग. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्यातून स्पार्टाथलॉन ही शर्यत सुरू झाली: २४६ किलोमीटर, ३६ तासांचा कटऑफ, म्हणजे तेवढ्या वेळात संपवलीच पाहिजे. पहिल्या वर्षी यियानिस कुरोस हा तोपर्यंत फारसा माहीत नसलेला ग्रीक माणूस इतका आधी पोचला की यात काहीतरी लबाडी आहे अशी शंका लोकांना आली. दुसऱ्या वर्षी त्याने २० तास २५ मिनिटांत ती शर्यत पळून तोंडं बंद केली. तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला. मग फोटिस झिसिमोपुलोस या ग्रीकाने पहिल्यांदा २० तासांच्या आत ती संपवली. आपल्याकडून ती पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणजे किरेन डिसूझा, २०१६ साली.

३६ तासांत २४६ किलोमीटर म्हणजे थांबे, खाणं, मोजे बदलणं सगळं धरून पावणेनऊ मिनिटांना एक किलोमीटर. हा पेस ऐकून माझ्या बॅचमधले लोक म्हणतात, "एवढंच? हा तर जॉगिंगचा पेस." बरोबर, जॉगिंगचाच आहे. तो दीड दिवस धरून ठेवायचा असतो, एवढीच अडचण. मधे कोरिंथची चिंचोळी भूपट्टी, मग नेमिया, मग डोंगर. अर्गोस शहराचं स्पार्टाशी वैर होतं, त्यामुळे फिडिपिडीस तो सोपा रस्ता टाळून डोंगरातून गेला असणार असा अंदाज आहे.

आणि त्याच डोंगरात त्याला देव भेटला.

हा हिरोडोटसमधला माझा सगळ्यात आवडता भाग. तेगिया गावाच्या वर पार्थेनिऑन डोंगर आहे. तिथे पॅन, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रानदेव, त्याला नावाने हाक मारतो आणि तक्रार करतो: मी तुम्हा अथेन्सवाल्यांचं भलं चिंततो, पूर्वी कितीदा उपयोगी पडलो आहे, पुढेही पडेन, आणि तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही, असं का? अगदी आपल्या गावाच्या वेशीवरच्या म्हसोबाने धरावा तसा रुसवा. अथेन्सच्या लोकांनी ते मनावर घेतलं. लढाईनंतर शहरातल्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याच्या कपारीत पॅनचं ठाणं केलं आणि दरवर्षी बळी आणि मशालींची शर्यत सुरू केली.

इतिहासाचे प्राध्यापक याकडे दंतकथा म्हणून बघतात. अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यती पळणाऱ्या माणसाला मात्र हे वाचून ओळखीचं काहीतरी दिसतं. स्पार्टाथलॉनमध्ये साधारण १६० किलोमीटरनंतर, रात्रीच्या अंधारात, त्याच भागातला डोंगर चढावा लागतो. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, मेंदूला साखर कमी. त्या अवस्थेत माणसं दिसतात, आवाज येतात. मी एका शंभर मैलांच्या शर्यतीत पहाटे तीनच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला माझी आजी बघितली आहे. नऊवारीत, पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत बसलेली. मी तिला "येते गं" म्हटलं आणि पुढे गेले. दहा पावलांनी मागे वळून टॉर्च मारला तर किलोमीटरचा दगड. त्यामुळे फिडिपिडीसने पॅनला पाहिलं यात मला काहीच अशक्य वाटत नाही. उलट ही एक खूण मला त्याच्या बाजूची वाटते: ही गोष्ट घरात बसून रचणाऱ्याने रचलेली नाही, खरोखर इतकं अंतर गेलेल्या माणसाने येऊन सांगितलेली आहे.

आणि इथेच तुमच्या आईंचं उत्तर आहे. हिरोडोटस म्हणतो की पॅनची ही भेट खुद्द त्याने परत येऊन अथेन्सच्या लोकांना सांगितली. म्हणजे तो परत आला. जाऊन-येऊन जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर, आणि आल्यावर वाटेत देव भेटल्याचं सांगत बसला. मरायला त्याला वेळच कुठे होता?

निरोपाचं काय झालं? स्पार्टाने मदत द्यायची तयारी दाखवली, पण त्यांच्या रिवाजाप्रमाणे चंद्र पूर्ण झाल्याशिवाय बाहेर पडायचं नव्हतं. त्या दिवशी महिन्याची नवमी होती, म्हणजे पौर्णिमेला अजून अवकाश. मुहूर्तासाठी थांबणं ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

अथेन्सवाले त्यांच्याशिवायच लढले. सेनापती मिल्टियाडीसच्या आग्रहाने त्यांनी चाल केली, आणि हिरोडोटस म्हणतो की शत्रूवर पळत चालून जाणारे त्याच्या माहितीतले हे पहिले ग्रीक: आठ स्टेडियन, म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास, ढाल-भाल्यासकट. मधली फळी मागे रेटली गेली, पण दोन्ही बाजूंनी ग्रीक आत वळले आणि पर्शियनांना जहाजांपर्यंत पळता भुई थोडी झाली. हिरोडोटसचे आकडे: पर्शियन मेले ६,४००, अथेन्सचे १९२. नाटककार एस्किलस या लढाईत होता. त्याचा भाऊ सिनेजिरस जहाजाची मागची बाजू धरायला गेला आणि कुऱ्हाडीने त्याचा हात तुटला. त्या १९२ जणांवर मैदानातच मातीचा मोठा ढिगारा उभारला, तो आजही आहे.

आता नीट लक्ष द्या. लढाई संपली तरी धोका संपला नव्हता. उरलेलं पर्शियन आरमार सूनियनच्या टोकाला वळसा घालून अथेन्सच्या मोकळ्या बंदरावर चाल करून निघालं होतं. शहरात फौज नव्हती. तेव्हा मॅरेथॉनवरून अथेन्सकडे जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने निघालं ते अख्खं सैन्य. बऱ्याच नंतरचा ग्रीक लेखक प्लुटार्क तर म्हणतो की त्याच दिवशी. सकाळी लढलेली, जखमी, शस्त्रं अंगावर असलेली हजारो माणसं, ३५-४० किलोमीटर. जहाजं आली तेव्हा किनाऱ्यावर तेच लोक परत उभे होते. पर्शियनांनी थोडा वेळ बंदराबाहेर नांगर टाकला आणि आल्या वाटेने आशियाला परत गेले. मॅरेथॉन ते अथेन्स हे ऐतिहासिक अंतर कोणी पार केलं असेल तर ते या सैन्याने, कोणा एकट्याने नव्हे. माझ्या मते पहिली मॅरेथॉन हीच, आणि तिला हजारो फिनिशर होते.

मग तो "आपण जिंकलो" म्हणून मेलेला माणूस आला कुठून? हिरोडोटसने त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. हा लेखक लढाईनंतर काही दशकांतच लिहीत होता, लढाई पाहिलेली म्हातारी माणसं त्याला भेटू शकत होती, आणि चविष्ट गोष्ट सोडून देणाऱ्यांपैकी तो मुळीच नव्हता. अशी गोष्ट त्याच्या कानावर आली असती तर त्याने ती दोन पानं रंगवली असती.

ती सापडते ती प्लुटार्ककडे, म्हणजे साधारण सहाशे वर्षांनी. आणि तिथे फिडिपिडीस नाहीच. प्लुटार्क म्हणतो, इ.स.पू. चौथ्या शतकातला हेराक्लिडीस त्या निरोप्याचं नाव थेर्सिप्पस देतो, पण बहुतेक लोक यूक्लिस म्हणतात. तो रणातून तसाच, चिलखत-हत्यारांसकट पळत आला, शहरातल्या प्रमुखांच्या दारात शिरला, विजयाचे दोन शब्द बोलला आणि गतप्राण झाला. हे प्लुटार्क कशासाठी सांगतो आहे तेही पाहा. त्याचा निबंध अथेन्सचं मोठेपण सेनापतींमुळे की लेखक-कवींमुळे, यावर आहे. विजयाची नुसती बातमी आणणाऱ्यालाही लोक मान देतात, हे दाखवायला त्याला उदाहरण हवं होतं.

मग येतो लुसियन, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याचा लेख तर चक्क नमस्कार-चमत्कारावर आहे. सकाळी भेटल्यावर म्हणायचा शब्द सोडून हा गृहस्थ चुकून दुसराच शब्द बोलून बसला, आणि त्या चुकीची सारवासारव म्हणून अभिवादनाच्या शब्दांचा इतिहास सांगत सुटला. 'खैरेते' हा शब्द पहिल्यांदा अशा अर्थाने कोणी वापरला? तर फिलिप्पिडीस जासुदाने, "खैरेते, निकोमेन", म्हणजे "आनंद करा, आपण जिंकलो", असं म्हणून प्राण सोडताना. झालं. स्पार्टाला गेलेल्याचं नाव आणि अथेन्सला मेलेल्याचं मरण, दोन्ही एका माणसाच्या खात्यावर जमा झाली. गोष्टीला असे पाय फुटतात.

ग्रीकांना हा साचा आवडायचा हे मात्र खरं. प्लुटार्कनेच दुसरीकडे प्लाटेआच्या युखिडासची गोष्ट दिली आहे. इ.स.पू. ४७९ च्या प्लाटेआच्या लढाईनंतर तो पवित्र अग्नी आणायला डेल्फीला गेला, त्याच दिवशी परत आला, एकूण हजार स्टेडियन, अग्नी सोपवला, सगळ्यांना अभिवादन केलं आणि पडला तो उठलाच नाही. काम होईपर्यंत जीव धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. आपण शाळेत विशाळगडाच्या तोफा ऐकेपर्यंत प्राण न सोडणारा बाजीप्रभू वाचलेला असतो, त्यामुळे हा साचा आपल्याला लगेच पटतो. माणसाला असं मरण गोष्टीत फार हवं असतं.

प्रशिक्षक म्हणून मला विचाराल तर, धंदेवाईक हेमेरोड्रोमॉसला ४० किलोमीटर म्हणजे सकाळची फेरी. सिकंदराच्या पदरी फिलोनिडीस नावाचा जासूद होता. त्याने सिसियनहून एलिसपर्यंत सुमारे १,२०० स्टेडियन एका दिवसात कापल्याचं रोमन लेखक प्लिनी लिहितो. हा आकडा मला फुगवलेला वाटतो, पण माणूस खरा: त्याच्या नावाचा कोरीव चौथरा ऑलिंपियात सापडला आहे, त्यावर 'राजा अलेक्झांडरचा हेमेरोड्रोमॉस आणि आशियाचा बेमॅटिस्ट' असं लिहिलं आहे. बेमॅटिस्ट म्हणजे पावलं मोजून अंतर काढणारा. त्या काळचं जीपीएस घड्याळ. असा माणूस दमल्याने मरत नाही. मेलाच तर उन्हाने मरेल: लढाई ऑगस्ट किंवा सप्टेंबरची, अंगावर धातू, पोटात पाणी नाही, लढून आलेला. त्याला उष्माघात म्हणतात, आणि तो ४० किलोमीटरची वाट पाहत नाही, दहालाही गाठतो.

प्राचीन ऑलिंपिकचं लवकर आटोपते. तिथली सगळ्यात लांब शर्यत डोलिखोस, ती इ.स.पू. ७२० मध्ये आली. लांबी बहुधा २० ते २४ स्टेडियन. ऑलिंपियाचं स्टेडियन १९२ मीटरचं, म्हणजे एकूण चार-साडेचार किलोमीटर, तेही गोल ट्रॅकवर नाही. सरळ पट्टीवर खांबाला वळसा घालत मागे-पुढे. आजच्या ५के पेक्षा कमी! पण तो जिंकणारे लोक काय दमाचे असतील ते बघा: अर्गोसचा एजियस इ.स.पू. ३२८ मध्ये डोलिखोस जिंकला आणि ही बातमी सांगायला त्याच दिवशी अर्गोसला पळत गेला, असं जुन्या विजेत्यांच्या यादीत नोंदलेलं आहे. मधे अर्केडियाचे डोंगर, अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. तोही मेला नाही.

मग मॅरेथॉन शर्यत केली कोणी? एका फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने. मिशेल ब्रेआल, शब्दार्थाच्या अभ्यासाला 'सेमँटिक्स' हे नाव देणारा माणूस, हा आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांचा मित्र. रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८७९ च्या कवितेत स्पार्टाची धाव, लढाई आणि अथेन्सचं मरण हे सगळं एकाच फिडिपिडीसच्या गळ्यात आधीच पडलेलं होतं आणि युरोपात ही गोष्ट तशीच फिरत होती. अथेन्सला १८९६ मध्ये ऑलिंपिक भरवायचं ठरलं तेव्हा ब्रेआलने सुचवलं की मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत शर्यत ठेवा, चषक मी देतो. चांदीचा तो छोटा चषक त्याने खरंच दिला.

१० एप्रिल १८९६. सतरा जण, बहुतेक ग्रीक. यजमानांना तोवर मैदानी खेळांत एकही विजय मिळालेला नव्हता. सुरुवातीला फ्रान्सचा लेर्म्युझियो सुसाट सुटला, ८०० आणि १५०० मीटर जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक त्याच्या मागे. दोघंही वाटेत संपले. प्रत्येक रविवारी मी हेच बघते: पहिल्या दहा किलोमीटरला उधळलेली माणसं तिसाव्याला फुटपाथवर बसलेली असतात. जिंकला तो स्पिरिडॉन लुईस, मारूसी गावचा पाणक्या. गावातून अथेन्सला पाणी पोचवणं हा त्याचा रोजचा धंदा. वेळ २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद. शेवटच्या पट्ट्यात दोन राजपुत्र त्याच्या बाजूने पळत आले. तिसरा आलेला ग्रीक वाटेत घोडागाडीत बसला होता म्हणून बाद झाला, म्हणजे शॉर्टकट मारण्याची परंपराही पहिल्याच शर्यतीपासूनची. ग्रीक भाषेत आजही कोणी धूम ठोकली तर 'तो लुईस झाला' म्हणतात. दुसऱ्या दिवशी स्टामाटा रेविथी नावाच्या बाईने तोच रस्ता एकटीने पळून काढला, साडेपाच तासांच्या आसपास. तिला शर्यतीत घेतलं नव्हतं. स्टेडियममध्येही शिरू दिलं नाही.

ते अंतर सुमारे ४० किलोमीटर होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू केली, स्टेडियमपर्यंत २६ मैल, आणि आत राजघराण्याच्या कक्षासमोर शेवट यावा म्हणून ३८५ यार्ड आणखी. तेच ४२.१९५. १९२१ मध्ये तो आकडा कायम झाला. मधल्या काळात जो तो आपल्या सोयीने मोजत होता: १९१२ ला ४०.२, आणि १९२० ला अँटवर्पमध्ये ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब मॅरेथॉन. ती पळणाऱ्यांत आपला माणूस होता, बेळगावचे फडेप्पा चौगुले. दोराबजी टाटांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं डोक्यात घेतलं, त्यातून गेलेला हा चमू. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. आजच्या मापापेक्षा साडेपाचशे मीटर जास्त पळून. बॅचमध्ये कोणी "सब-थ्री"ची, म्हणजे तीन तासांच्या आत संपवण्याची, भाषा करू लागलं की मी त्याला हे ऐकवते.

मी स्वतः एकदा अथेन्सची ती शर्यत पळाले आहे. नोव्हेंबरात असते, मॅरेथॉन गावातून निघते. सुरुवातीलाच त्या १९२ जणांच्या ढिगाऱ्याला वळसा घालावा लागतो आणि तिथे गोंगाट करणारे लोकही आपोआप गप्प होतात, फक्त बुटांचा आवाज येत राहतो. मग समुद्राकाठचा सपाट रस्ता, आणि दहाव्या किलोमीटरपासून जो चढ लागतो तो एकतिसाव्यापर्यंत सोडत नाही. गोष्टीत कोणीच या चढाबद्दल बोलत नाही! एका गावात एका म्हातारीने ऑलिव्हची डहाळी माझ्या हातात कोंबली. फेकवेना, म्हणून बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, पिनेत खोचली आणि ती शेवटपर्यंत गळ्याला टोचत राहिली. बत्तीसनंतर उतार लागतो, पण तोवर मांड्यांतला जीव गेलेला असतो आणि गाडी रिझर्व्हला लागलेली असते. संगमरवरी स्टेडियममध्ये शिरले तेव्हा मला काही आरोळी वगैरे सुचली नाही. बसायला जागा शोधली.

आता आईंची काळजी. ती गोष्ट खोटी असली तरी काळजी खोटी नाही. शर्यतीत माणसं दगावतात, क्वचित, आणि त्यामागे बहुतेकदा आधीच असलेला आणि न कळलेला हृदयाचा आजार असतो, नाही तर ऊन. तुमचं वय चाळिशीपुढे असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितली तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. ताप अंगात असताना पळू नका, बिब मिळालं म्हणून तर मुळीच नको. प्रत्येक टेबलावर साधं पाणी ढोसत जाऊ नका, रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडतो. तहान लागेल तसं प्या आणि मधूनमधून इलेक्ट्रॉल घ्या. छातीत दाब, चक्कर, किंवा उन्हात पळताना घाम येणं एकदम थांबलं तर त्याच जागी थांबा.

हो, स्पार्टावाले राहिले. पौर्णिमा झाल्यावर दोन हजार जण निघाले आणि तिसऱ्या दिवशी अथेन्सच्या हद्दीत हजर झाले, हत्यारांसकट. लढाई संपून गेली होती. तरी आलोच आहोत तर मेलेले पर्शियन बघू म्हणाले, मॅरेथॉनला गेले, पाहिलं, अथेन्सवाल्यांना शाबासकी दिली आणि परत निघाले. एकाच रस्त्याने त्या महिन्यात किती माणसं गेली-आली, आणि आपण नाव घेतो ते न घडलेल्या धावेचं.

शेवटचा लाँग रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, ३० ते ३२ किलोमीटर, त्याहून जास्त नको. आणि शर्यतीच्या दिवशी आईंना फिनिशला उभं करू नका. तिसाव्या किलोमीटरला खुर्ची टाकून बसवा, हातात गुळाची चिक्की द्या. तिथे त्या तुम्हाला बघतील, आणि तुम्हालाही त्यांची गरज तिथेच लागणार आहे.